नियमांचा तक्ता आपल्याच दप्तरी असावा

पुठ्ठ्याच्या खोक्यांवरील जीएसटी २०२५ च्या घटस्थापनेपासून, म्हणजे २२ सप्टेंबरपासून, १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर यावयाचा, हे ३ सप्टेंबरच्या रात्रीच साऱ्या देशाला कळले होते. कळले नव्हते ते फक्त आमच्या संगणक-प्रणालीला, आणि तिला ते कळविण्याचा अधिकार करारनाम्याने ज्यांच्याकडे राहिला होता, त्या पुरवठादार मंडळींना, पत्रामागून पत्रे धाडूनही, त्याची निकड भासली नव्हती. त्या सोमवारी शिरवळला आमच्या फाटकाशी भरलेले ट्रक ताडपत्री बांधून उभे, आणि यंत्रातून बिल निघे ते १२ टक्क्यांचेच. दूरध्वनीवरील तरुण इसम अत्यंत मृदू स्वरात म्हणाला, "सर, चेंज रिक्वेस्ट पाठवा, एस्टिमेट काढून कळवतो." त्या क्षणी मला उमगले की हा विलंब त्यांच्या गैरसोयीतून नव्हे, मिळकतीतून जन्मला आहे.

जुलै २०२४ मध्ये हाच दर १८ वरून १२ वर आला, तेव्हाही मोबदला घेऊन त्यांनी जुना आकडा पुसला व नवा बसविला. परिणामी जुन्या बिलाचा माल परत आला असता त्याची क्रेडिट नोट १८ ऐवजी १२ टक्क्यांनी निघाली. दर व मर्यादा निराळ्या तक्त्यात ठेवाव्यात, हे मी आरंभीच लेखी सुचविले होते. "आवश्यकता नाही" हा त्यांचा शेरा असलेली प्रत अद्याप माझ्या दप्तरी आहे.

मागणी, बिल, गेटपास, रवानगी हा क्रम वर्षानुवर्षे तोच राहतो; पालटतात ते नियम. एकाच फाटकातून पुण्यास जाणारा माल लाखापर्यंत ई-वे बिलावाचून जातो, खंबाटकी ओलांडून बेळगावास निघालेल्यास मात्र पन्नास हजारांपलीकडे ते लागते. त्याची मुदतही १०० किलोमीटरांस एक दिवस होती, ती २०२१ च्या आरंभापासून २०० किलोमीटरांस एक दिवस झाली. असले आकडे प्रक्रियेच्या पोटात गाडून ठेवणे म्हणजे भिंतीत तिजोरी चिणून किल्ली गवंड्याकडे ठेवणे होय.

म्हणून प्रत्येक नियमास 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा असाव्यात, आणि जुना नियम कधीही पुसू नये. तक्ता हिशेबनिसाने भरावा, मंजुरी दुसऱ्याने द्यावी, आणि अंमलापूर्वी गेल्या महिन्याची बिले नव्या तक्त्यातून काढून पाहावीत. परत आलेला माल तर हटकून तपासावा. अपवादाचा निर्णय यंत्रावर सोपवू नये, तो व्यवस्थापकाच्या सहीनेच व्हावा. करारनामा नीट वाचावा, हे निराळे सांगावयास नकोच.

आता तक्ता आमच्याकडे आहे. त्याच २२ तारखेला आमचा कच्चा माल, क्राफ्ट कागद, १२ वरून १८ टक्क्यांवर गेला, तेव्हा खरेदीत अधिक भरलेल्या कराच्या परताव्याचे हिशेब कारकून हातानेच मांडतो. त्या कामाचेही एस्टिमेट पुरवठादारांनी आपण होऊन धाडले आहे, मी ते अजून उघडलेले नाही.