गिअरबॉक्सचे तेल काय सांगते?



पिंपरी-चिंचवड, चाकण भागातल्या आपल्या वर्गांत कितीतरी मुलांचे आईवडील गाड्यांच्या कारखान्यांत कामाला आहेत. तरी घरची ऑटोमॅटिक गाडी झटके देऊ लागली की आपण म्हणतो, "चालतेय ना, चालू दे!" म्हणून आजचा हा पाठ.

आधी प्रकार ओळखा. एएमटी, सीव्हीटी, ड्युअल क्लच, टॉर्क कन्व्हर्टर यांची तेले वेगवेगळी असतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलेच तेल घ्या. पुढील माहिती टॉर्क कन्व्हर्टरची आहे.

झिजेच्या खुणा:
१. रंग व वास: नवे तेल बहुधा लाल असते. काळपट रंग, जळका वास म्हणजे आतल्या क्लच प्लेट्स तापून घासल्या आहेत.
२. चुंबक: तळाच्या पॅनमधल्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणारच, धातूचे तुकडे दिसले तर मात्र मेकॅनिक गाठा. नव्या तेलाने ती झीज भरून येत नाही.
३. चाल: 'डी'त टाकल्यावर गाडी उशिरा उचलते.

कृती:
१. सपाट जागेवर गाडी पक्क्या स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर विसंबू नका.
२. भरायचा बोल्ट सुटतो का बघा, मगच खालचा उघडा.
३. निघालेले तेल मोजा, तेवढेच भरा. काही तेल कन्व्हर्टरमध्ये उरतेच.
४. पुस्तिकेतल्या तापमानाला पातळी तपासा.

जुने तेल गटारात ओतू नका, ते पवना-इंद्रायणीत जाते. डब्यात भरून गॅरेजला द्या.

मुलांना गाडीखाली नको, बाजूला बसवा. पांढऱ्या कागदावर नव्या-जुन्या तेलाचा एकेक थेंब टाकून विचारा, "फरक का पडला?" उत्तर लगेच सांगू नका हं!