भिंतीवरून सुटलेली अक्षरे

'आभासी वास्तव' म्हटले की डोळ्यांवर चढवायचा तो काळा चष्मा आठवतो, आणि चष्म्याच्या आत चित्रे असणार हे आपण गृहीतच धरतो. किल्ला, लेणी, समुद्राचा तळ. अक्षरांची आठवण सहसा कोणाला होत नाही. हैदराबादेत मराठी शिकवताना गेली दोन-तीन वर्षे मला एक सूचना वारंवार ऐकावी लागते : मुले मराठीकडे वळत नाहीत ना, मग त्यांना चष्म्यातून अजिंठा-वेरूळ दाखवा आणि मागे मराठीत निवेदन ठेवा. सूचना सद्हेतूची आहे. पण अजिंठा पाहायला मराठी लागत नाही. निवेदन तेलुगूत ठेवले, उर्दूत ठेवले, तरी लेणे तेच दिसते. आभासी वास्तवात खुद्द भाषेचे काही करता येते का, हा खरा प्रश्न आहे. त्या प्रश्नाच्या मागे एक कवी-प्राध्यापक कित्येक वर्षे लागलेला आहे. त्याचे नाव जॉन केयली.

केयली यांचा जन्म १९५६ चा, कॅनडातला. घडले मात्र ते इंग्लंडात. डरहॅम विद्यापीठात ते चिनी भाषा शिकले, ब्रिटिश लायब्ररीच्या चिनी विभागात त्यांनी काम केले आणि चिनी साहित्याचे अनुवाद छापणारी 'वेलस्वीप' ही छोटी प्रकाशनसंस्था चालवली. म्हणजे संगणकाकडे ते अभियंता म्हणून आले नाहीत, अनुवादक म्हणून आले. हे मला त्यांच्या वाटचालीतले सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते. दोन अगदी वेगळ्या लिप्यांच्या मध्ये बसून काम करणाऱ्या माणसाला अक्षर ही अर्थाकडे जाण्याची नुसती खिडकी वाटत नाही. ती एक वस्तू आहे, तिला आकार आहे, हे त्याला रोज जाणवत असते. २००१ साली त्यांच्या 'विंडसाउंड' या कृतीला इलेक्ट्रॉनिक लिटरेचर ऑर्गनायझेशनचा काव्यपुरस्कार मिळाला. २००७ पासून ते अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांची नेमणूक संगणकशास्त्र विभागात नव्हती, साहित्यनिर्मिती विभागात होती, हे आपल्याकडच्या विभागप्रमुखांनी मुद्दाम लक्षात घ्यावे.

आधी त्यांची जुनी युक्ती पाहू, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. रोमन वर्णमालेतील अक्षरे एका गोलात मांडायची. शेजारी अशी अक्षरे घ्यायची की ज्यांच्यात काही साम्य आहे. आता पडद्यावर एक कविता आहे आणि तिचे रूपांतर दुसऱ्या कवितेत करायचे आहे. पहिल्या कवितेतले प्रत्येक अक्षर त्या गोलावरून जवळच्या वाटेने, एकेक पायरी चालत, दुसऱ्या कवितेतल्या त्याच जागेच्या अक्षरापाशी पोहोचते. मधल्या पायऱ्यांवर मजकूर अर्धवट वाचता येतो, अर्धवट येत नाही. 'रिव्हरआयलंड' या कृतीत त्यांनी आठव्या शतकातील वांग वेई या चिनी कवीच्या चौओळींबाबत असे खेळ केले. अनुवाद म्हणजे एका काठावरून दुसऱ्या काठावर उडी, असे आपण समजतो. इथे वाचक नदीच्या मध्यावर उभा राहतो.

यानंतर 'केव्ह'. ही खोली १९९२ मध्ये शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्रथम उभी राहिली. नावात प्लेटोच्या गुहेचा उल्लेख आहे. भिंतींवर आणि जमिनीवर चित्र पाडायचे, पाहणाऱ्याने खास चष्मा घालायचा, आणि त्याच्या डोक्याची हालचाल टिपून संगणकाने दर क्षणी चित्र नव्याने काढायचे. खोलीत चारजण उभे राहू शकतात, पण चित्र बरोबर दिसते ते एकालाच, ज्याच्या चष्म्याचा माग घेतला जातो त्याला. आपल्या सालारजंग संग्रहालयातला मेफिस्टोफिलीस आणि मार्गारेटा यांचा लाकडी जोडपुतळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातला मुद्दा लगेच कळेल. एकाच लाकडाला पुढून सैतान, मागून मान खाली घातलेली मुलगी. मागची मुलगी दिसावी म्हणून आरसा ठेवला आहे. तिथे अर्थ पुतळ्यात जितका आहे तितकाच आपण कुठे उभे आहोत त्यात आहे.

ब्राउनमधली अशी खोली वैज्ञानिक कामासाठी होती. कादंबरीकार रॉबर्ट कूव्हर यांनी तिथे लेखनाची कार्यशाळा सुरू करून लेखकांना आत आणले. त्या कार्यशाळेतली 'स्क्रीन' ही कृती प्रसिद्ध आहे. नोआ वॉर्ड्रिप-फ्रुइन आणि त्यांचे सहकारी तिचे कर्ते. तिन्ही भिंतींवर आठवणींविषयीचा मजकूर येतो, कोणीतरी तो वाचून दाखवतो, मग एक शब्द भिंतीवरून सुटतो आणि तुमच्याभोवती घिरट्या घालू लागतो. हाताने टोलवला तर तो परत भिंतीवर जातो, पण आपल्याच जागी बसेल असे नाही; कधी दुसऱ्याच रिकाम्या जागी चिकटतो, कधी फुटतो. शब्द सुटण्याचा वेग वाढत जातो आणि अखेर सगळे कोसळते. आठवण हातातून निसटते हे वाक्य आपण शंभरदा लिहिले असेल. इथे ते हाताला करावे लागते.

तरी 'स्क्रीन'मध्ये वाचक लवकरच खेळाडू होतो, आणि खेळाडूला वाचायला वेळ नसतो. केयली यांचे वेगळेपण इथे दिसते. त्यांनी 'लेन्स' नावाची कृती आधी साध्या संगणकावर कच्चा नमुना म्हणून आणि मग केव्हमध्ये केली. काळोखात पांढरी अक्षरे तरंगतात. एखादे अक्षर जवळ येऊ लागते, त्याचा पांढरा भाग पसरत जातो, आणि काळोखात आतापर्यंत न दिसलेली गडद अक्षरे त्या पांढऱ्यावर वाचता येऊ लागतात. जे अक्षर होते ते कागद झाले. चष्म्याशिवाय, छापील पानावर हे होणार नाही; आणि वाचता न येणाऱ्या माणसाला ते दाखवून काहीच उपयोग नाही. मला हवा होता तो हाच पुरावा. पुढे २०१८ मध्ये त्यांच्या निबंधांचे 'ग्रामालेप्सी' हे पुस्तक आले. त्यातला मुख्य आग्रह साधारण असा की खुणा कितीही असोत, वाचणाऱ्याने त्या पकडल्या त्या क्षणीच त्यांची भाषा होते.

आपल्याला यात अगदीच परके वाटू नये. मयसभा आपल्या वर्गात दर वर्षी येते. स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्र सावरणारा दुर्योधन, आणि मग पाण्याला जमीन समजून त्यात पडणारा. मुक्तेश्वराच्या उपलब्ध पर्वांत सभापर्व आहे. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांचा तौलनिक अभ्यास 'मुक्त-मयूरांची भारते' या ग्रंथात करणारे डॉ. ना. गो. नांदापूरकर हे आपल्या हैदराबादचेच कवी-प्राध्यापक. मुक्तेश्वराच्या वर्णनशक्तीचे कौतुक करताना आपण 'डोळ्यांपुढे उभे राहते' असे लिहून मोकळे होतो. ते उभे कोठे राहते, डावीकडे की उजवीकडे, श्रोता सभेच्या आत आहे की दारात, हे प्रश्न आपण विचारत नाही. केव्हमध्ये काम करणाऱ्या कवीला पहिल्याच दिवशी विचारावे लागतात.

आता देवनागरी. केयली यांची युक्ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. रोमन अक्षरे सुटी असतात. आपली शिरोरेघेला टांगलेली. 'कि' मधली वेलांटी उच्चारात मागून येते, पण लिहिताना आधी. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जाते आणि दाखवताना पुढे आणली जाते. 'गर्व' मधला र् तर व च्या डोक्यावर जाऊन बसतो. शब्द हवेत फुटला तर रफार कोणाबरोबर जाणार? माझे उत्तर असे की आपण वर्ण सुटे करू नयेत, अक्षर सुटे करावे : ग, र्व. त्रिमितीय खेळ बनवण्याच्या एका प्रचलित सॉफ्टवेअरात आम्ही मराठी मजकूर टाकला तेव्हा वेलांटी भलत्या बाजूला पडली आणि जोडाक्षरे पाय मोडून वेगळी झाली. विद्यार्थ्यांना जोडाक्षराची घडण त्या दिवशी जितकी कळली तितकी माझ्या फळ्यावरच्या तासांत कळली नव्हती.

काचीगुडा ते सुलतान बाजार या रस्त्यावरच्या पाट्या वाचत वाढलेल्या मुलांना एक फायदा आहे. तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा भाग खाली वत्तु होऊन लटकतो, उर्दूत शब्दातल्या जागेप्रमाणे अक्षराचे रूप बदलते. कोणती लिपी कुठे तुटेल याचा अंदाज त्यांना पुण्याच्या मुलांपेक्षा लवकर येतो, असा माझा अनुभव आहे.

साम्याचा गोल मात्र आपल्याकडे तयारच आहे, तो अंकलिपीत आहे. व च्या पोटात तिरकी रेघ ओढली की ब, उजवीकडे शेपूट काढले की क. म्हणून 'वळ', 'बळ', 'कळ' : तिन्ही अर्थपूर्ण. 'वन' चे 'बन' झाले तर अर्थही जवळपास जागचा हलत नाही. 'पळ' चे 'फळ' होते, 'घन' चे 'धन', 'भान' चे 'मान'. मी विद्यार्थ्यांना चार ओळी लिहायला सांगतो, अशा की प्रत्येक ओळीत एकच अक्षर एक पायरी सरकले तरी ओळ वाचता यावी. अवघड काम आहे. पहिल्या वर्षी नऊ जणांपैकी दोघींना जमले, आणि त्यातली एक घरी तेलुगू बोलणारी होती.

चष्मे आमच्याकडे नाहीत, म्हणून कच्चा नमुना आम्ही वर्गातच करतो. पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर जाड काळ्या पेनने ओळी लिहायच्या, दोरीवर तीन रांगांत टांगायच्या आणि मधून चालायचे. पुढच्या तावावरचा 'वळ' आणि मागच्यावरची एकटी तिरकी रेघ एका विशिष्ट जागेवरून एकत्र येतात आणि 'बळ' दिसते. पाऊलभर सरकले की मोडते. मागून पाहिले तर सगळे उलटे, कडेने पाहिले तर अक्षरच नाही, नुसती प्लास्टिकची धार. ती जागा शोधून जमिनीवर खडूने फुली करणे हा प्रकल्पाचा भाग आहे. फुलीवर उभे राहून दुसऱ्याने ओळ मोठ्याने वाचली आणि ती लिहिणाऱ्याला अपेक्षित होती तीच निघाली, तर प्रकल्प पुरा. गुणपत्रिकेत याचे गुण निबंधात धरायचे की व्याकरणात, यावर आमच्या विभागात अजून वाद चालू आहे.