मुके झालेले वादनयंत्र : दोषशोधाचा एक पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वीच्या विज्ञान-अध्यापनास पूरक)

पुष्कळ शाळांच्या जडवस्तुसंग्रह नोंदवहीत गाणी व कविता वाजविणाऱ्या एका लहानशा यंत्राची नोंद असते. कोठे त्यास म्युझिक प्लेअर म्हणतात, तर कोठे नुसते स्पीकर. पेन ड्राइव्ह अथवा मेमरी कार्ड खोचावे, कळ दाबावी, की ते वाजू लागते. परिपाठ, पहिली-दुसरीच्या कविता, इंग्रजी शब्दांचे उच्चार यांसाठी त्याचा चांगला उपयोग होतो. द्विशिक्षकी शाळेत तर एक वर्ग कविता ऐकत असता शिक्षकास दुसऱ्या वर्गाकडे लक्ष देता येते. असे हे यंत्र एके दिवशी मुके होते. मग ते कपाटात जाते, नोंदवहीत त्यापुढे ‘नादुरुस्त’ असा शेरा पडतो आणि कालांतराने ते निर्लेखनाच्या यादीत जाऊन बसते. दोष नेमका काय होता, हे मात्र कोणीच पाहिलेले नसते.

वास्तविक या यंत्राचे कित्येक दोष विनाखर्च दूर होण्याजोगे असतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दोष शोधण्याची रीत हाच विज्ञानाचा एक उत्तम पाठ आहे. तो पाठ कपाटात कुलूपबंद होऊ नये, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

१. यंत्राची ओळख

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट प्रचारात आणली आणि १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीचा वॉकमन जपानमध्ये विक्रीस आला. त्या काळच्या यंत्रांचे दोष डोळ्यांना दिसत असत. फीत गुंतली, पट्टा सैल झाला, वाचनशीर्षावर मळ साचला, हे झाकण उघडताच कळे. आजच्या यंत्रात फिरणारा असा एकही भाग नसतो. त्यामुळे डोळ्यांचे काम विचाराला करावे लागते.

विचार करण्यासाठी यंत्राची मनात चार खोल्यांत विभागणी करावी. पहिली खोली विजेची : बॅटरी, चार्जर व त्याची वायर. दुसरी साठ्याची : कार्ड किंवा पेन ड्राइव्ह व त्यांतील फाइली. तिसरी वाचनाची : फाइलीतील अंकांचे विद्युत्-स्पंदांत रूपांतर करणारे व ते स्पंद सबल करणारे मंडल. चौथी आवाजाची : त्या स्पंदांनी थरथरणारा कर्णा. या साखळीतील एक कडी तुटली तरी परिणाम एकच, शांतता. म्हणून केवळ शांततेवरून दोष कोठे आहे हे सांगता येत नाही. कड्या एकेक करून तपासाव्या लागतात.

२. पहिला प्रश्न कोणता असावा

यंत्र बंद पडताच ‘हे कोणी मोडले?’ असा प्रश्न विचारण्याची आपली सवय आहे. या प्रश्नाने मुले गप्प होतात. काल ते बाकावरून पडले होते, त्यावर पाणी सांडले होते, कार्ड उलटे खोचले गेले होते, ही माहिती ज्या मुलाजवळ असते तेच मूल मान खाली घालते. आणि शोधाला सर्वांत उपयोगी पडणारा पुरावा नाहीसा होतो. यास्तव पहिला प्रश्न ‘कोठे बिघडले?’ असा असावा व त्यामागोमाग ‘शेवटी केव्हा वाजले आणि त्यानंतर काय काय घडले?’ असे विचारावे. उत्तरे फळ्यावर लिहावीत. खरे सांगणाऱ्या मुलास शिक्षा होत नाही असा अनुभव एकदा आला, म्हणजे पुढील वेळी माहिती आपोआप मिळते.

३. तपासणीचा क्रम

नियम एकच : एका वेळी एकच बदल करावा. वायर, कार्ड व चार्जर तिन्ही एकदम बदलले आणि यंत्र वाजू लागले, तर आनंद होईल, पण ज्ञान होणार नाही.

(अ) दिवा मुळीच लागत नसेल तर दोष बहुधा विजेच्या खोलीत असतो. त्याच चार्जरला व त्याच वायरीला दुसरे चालू उपकरण जोडून पाहावे. ते चार्ज झाले नाही तर आधी फक्त वायर बदलावी. वायर बहुधा टोकाशी, जेथे ती वारंवार वाकते, तेथे आतून तुटते. वरून ती धडधाकट दिसते. उन्हाळ्याच्या सुटीत पडून राहिलेली बॅटरी पूर्ण उतरलेली असू शकते. अशा वेळी यंत्र अर्धा-पाऊण तास चार्जरवर ठेवून मगच निर्णय करावा. चार्जर लावला असता वाजते व काढताच बंद पडते, तर बॅटरीचे आयुष्य संपले असे समजावे. दिवा लागतो पण कळा दाबूनही काही होत नाही, तर यंत्र अडकले असावे. चालू-बंद करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी किंवा बॅटरी निघत असल्यास ती काढून पुन्हा बसवावी.

(आ) दिवा लागतो, परंतु आवाज नाही. येथे एक सुंदर चाचणी आहे. यंत्रात एफ. एम. रेडिओ असल्यास तो लावावा. केंद्र न लागता नुसती खरखर ऐकू आली तरी पुरे. त्या खरखरीने वीज, आवाज सबल करणारे मंडल व कर्णा ही तिन्ही ठीक असल्याची साक्ष दिली. दोष आता साठ्यात किंवा त्याच्या वाचनात उरला. रेडिओही मुका असेल तर इयरफोन लावून ऐकावे. इयरफोनमध्ये आवाज येतो व कर्ण्यातून येत नाही, तर दोष कर्ण्यात, त्याच्या वायरीत किंवा इयरफोनच्या खाचेत आहे. त्या खाचेत धूळ गेल्यास इयरफोन जोडलेलाच आहे असे समजून यंत्र कर्णा बंद ठेवते. अशा वेळी इयरफोनची पिन चार-पाच वेळा आत-बाहेर करावी. ब्लूटूथवरून वाजविताना मात्र आणखी एक गोष्ट पाहावी. पूर्वी जोडलेल्या दुसऱ्याच मोबाइलशी यंत्र जोडले गेलेले असू शकते, किंवा मोबाइलचा स्वतःचा आवाज कमी ठेवलेला असतो.

(इ) रेडिओ वाजतो, पण कार्ड वाजत नाही. कार्ड काढून त्याचे सोनेरी स्पर्शबिंदू मऊ खोडरबराने हलकेच पुसावेत. नंतर पूर्वी वाजत असलेले दुसरे कार्ड घालून पाहावे. ते वाजले तर यंत्र निर्दोष आहे. ६४ जी. बी. व त्याहून मोठी कार्डे बहुधा अशा मांडणीची असतात की जुनी यंत्रे ती वाचू शकत नाहीत, ३२ जी. बी. किंवा त्याहून लहान कार्ड घेणे श्रेयस्कर.

(ई) काही कविता वाजतात, काही नाहीत. येथे फाइलीचा प्रकार पाहावा. साधी यंत्रे एम. पी. थ्री प्रकार वाचतात. मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेली कविता अनेकदा एम. फोर. ए. प्रकारची असते आणि व्हॉट्सॲपवर आलेला आवाजी निरोप ऑपस प्रकारचा. अशी फाइल कार्डावर दिसते, पण यंत्र ती वगळून पुढे जाते. नुसते नाव बदलून भागत नाही. पाटी बदलल्याने दुकानातील माल बदलत नाही. फाइलीचे एम. पी. थ्रीमध्ये रूपांतर करावे लागते व ते संगणकावर किंवा मोबाइलवर करता येते.

४. वर्गातील पाठ

वरील क्रम शिक्षकाने एकट्याने उरकण्यापेक्षा पाचवी ते सातवीच्या मुलांसमवेत करावा. फळ्यावर चार खोल्यांचे चित्र काढावे. प्रत्येक चाचणीपूर्वी मुलांनी वहीत तीन रकाने भरावेत : आमचा तर्क, आम्ही केलेला बदल, प्रत्यक्ष काय घडले. ज्या खोलीची निर्दोषता सिद्ध होईल तिच्यावर खूण करावी. तर्क चुकला तरी तो खोडू देऊ नये. चुकलेल्या तर्कानेही एक खोली बाद झाली, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. यंत्र ठीक असतानाही हा पाठ घेता येतो. शिक्षकाने मुद्दाम कार्ड अर्धवट खोचावे किंवा इयरफोनची पिन आत ठेवावी आणि गटांना शोध घेण्यास सांगावे. साठ्याच्या खोलीचे काम चालू असता मुलांच्या आजीच्या ओव्या, बोलीभाषेतील गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून एम. पी. थ्री रूपात कार्डावर घेतल्यास पाठ घरापर्यंत पोहोचेल.

५. सावधगिरी

बॅटरी फुगलेली, गरम किंवा वास येणारी दिसल्यास तपासणी तेथेच थांबवावी. ती चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये, मुलांच्या हाती देऊ नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती कचऱ्यात टाकू नयेत. त्या संकलनासाठी निराळ्या द्याव्यात. सुटे सेल वापरणाऱ्या यंत्रांतील सेल दीर्घ सुटीपूर्वी काढून ठेवावेत. अल्कलाइन सेल गळून पांढरा क्षार जमल्यास तो बोटाने खरवडू नये. शिक्षकाने हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन तो पुसावा, नंतर जागा पूर्ण कोरडी करावी व हात धुवावेत. चार्जरवर चालणारे यंत्र सुटीत ठेवताना साधारण निम्मे चार्ज करून कोरड्या जागी ठेवावे. आतील मंडल उघडण्याची वेळ आली, तर काम कारागिराकडे सोपवावे; त्यासोबत मुलांच्या वहीतील टिपण दिल्यास त्याचेही श्रम वाचतील.

सर्व चाचण्यांनंतरही एखादे यंत्र दुरुस्त होणार नाही. त्याचे निर्लेखन अवश्य करावे. परंतु शेऱ्यात ‘नादुरुस्त’ एवढेच न लिहिता कोणत्या खोलीत दोष आढळला हेही लिहावे. यंत्र गेले तरी, बंद पडलेल्या वस्तूसमोर न घाबरता ‘कोठे?’ असे विचारणारी मुले शाळेत उरतील. पुढे शेतातील पंप बंद पडेल, घरातील दिवा जाईल, तेव्हा हीच मुले दोष शोधायला प्रथम पुढे होतील.