माधव आपटेची बॅट

निशिकांत कामतांचा ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) परवा होस्टेलच्या कॉमन रूममध्ये पाहिला. तसा तो विनोदी सिनेमा नव्हेच. पण बँकेतला पापभीरू माधव आपटे (संदीप कुलकर्णी) हातात बॅट घेतो तेव्हा पोरं पोट धरून हसली, शिट्ट्या वाजल्या. मीही वाजवली!

अभ्यास करायचा तर त्या शिट्टीचाच करावा. कामत आधी तीच लोकल, तीच गर्दी, तेच घर-ऑफिस पुन्हा पुन्हा दाखवून आपल्यालाच चिडवून ठेवतात. मग बॅट आपली वाटते. ‘फॉलिंग डाऊन’ची (१९९३) आठवण होतेच, पण हा आपटे आपल्या शेजारचा.

मी पिंगुळीचा. आमच्याकडे ठाकर मंडळी चित्रकथीतून रामायण सांगतात. तिथला रावण दहा तोंडांचा, ओळखायला सोपा. इथे आम्ही गेल्या वर्षी मोबाईल चोरला म्हणून मेसच्या पोराला कोपच्यात घेतलं, दोन ठेवून दिल्या. त्यातली एक माझी. संध्याकाळी मोबाईल गादीखाली सापडला. माफी मागायला गेलो, तर तो काम सोडून गावाला गेलेला.

शेवटी आपटे पोलिसांच्या गोळीने मरतो. कॉमन रूम गप्प. लाईट लावायला कोणी उठेना.