मोठ्या वाहनांचे टायर : निवड, निगा आणि बदल

राज्यातील रस्त्यांवर दिसणाऱ्या वाहनांमध्ये एक वर्ग असा आहे, की जो धावतो थोडा आणि उभा राहतो अधिक. जिल्हा परिषदेचे फिरते चिकित्सा पथक, नगरपालिकेचा अग्निशामक बंब, उन्हाळ्यापुरता लागणारा पाण्याचा टँकर, सुट्टीत महिनोन्‌महिने आवारात उभी राहणारी शाळेची बस ही त्याची परिचित उदाहरणे होत. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर निवासाची सोय असलेल्या मोटर कॅराव्हॅनचीही या वर्गात भर पडली आहे. निजण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, स्वच्छतागृह व पाण्याची टाकी असा संसार घेऊन फिरणारी ही गाडी म्हणजे चाकांवरचे घरच होय. अशा वाहनांच्या टायरची निवड कशी करावी आणि ते केव्हा बदलावेत, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु त्यात बसणाऱ्यांचे प्राण त्यावर अवलंबून असल्याने त्याचा शास्त्रशुद्ध विचार होणे अगत्याचे आहे.

पुणे आणि मोटार वाहतूक

या विचाराचे पुणे शहराशी जुने नाते आहे. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला निघाली. शहरालगत दापोडी येथे एस. टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा उभी राहिली. १९६६ साली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही वाहनसंशोधन संस्था पुण्यात स्थापन झाली. तिचे मुख्य केंद्र वेताळ टेकडीवर आहे. पाठोपाठ १९६७ साली भोसरी येथे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही परिवहन उपक्रमांच्या प्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. मोटर कॅराव्हॅनच्या मान्यतेसाठी लागू असलेले ए. आय. एस. १२४ हे मानक याच वेताळ टेकडीवरील संस्थेने प्रसिद्ध केलेल्या मानकमालेतील आहे.

एस. टी.सारख्या उपक्रमात प्रत्येक टायरला स्वतंत्र क्रमांक असतो. तो कोणत्या गाडीला, कोणत्या चाकावर बसला व किती किलोमीटर धावला, याची नोंद ठेवली जाते. झिजलेल्या टायरवर रबराचा नवा थर बसविण्याचे, म्हणजे पुनःस्तरणाचे कामही महामंडळाने स्वतःच्या केंद्रांत केले. ही पद्धत अनुकरणीय आहे. मात्र तिचा हिशेब किलोमीटरवर चालतो. दररोज ३०० किलोमीटर धावणारी बस वर्षाकाठी लाखाहून अधिक किलोमीटर अंतर तोडते. तिच्या टायरची नक्षी रबर जुने होण्याआधीच झिजते. याउलट वर्षाला ६,००० किलोमीटर फिरणारी कॅराव्हॅन आठ वर्षांत ४८,००० किलोमीटरच जाते. तिच्या टायरची नक्षी तेव्हाही चांगली दिसते, रबर मात्र आठ वर्षांचे म्हातारे झालेले असते. धावत्या वाहनाचा नियम उभ्या वाहनाला लावल्याने घोटाळा होतो तो येथेच.

टायर म्हातारा का होतो ?

टायर केवळ रबराचा नसतो. रबर, काजळी, गंधक, पोलादी तारा व धाग्यांचे पदर एकत्र शिजवून तो तयार होतो. हवेतील प्राणवायू व ओझोन, उन्हाची उष्णता आणि सूर्यकिरण यांमुळे रबराची लवचिकता हळूहळू कमी होते. ओझोनपासून बचाव व्हावा म्हणून रबरात काही मेणे व रसायने मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो व सैल होतो, तेव्हा ही द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत ही क्रिया मंदावते. त्यामुळे टायरच्या बाजूला व नक्षीच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसू लागतात. आतील पदरांची पकड सुटत असेल, तर ती बाहेरून दिसतही नाही.

टायरचे वय ओळखणे कठीण नाही. त्याच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आकडे वर्षातील आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. २३१९ असा आकडा असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. हा आकडा पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूस असतो, म्हणून गाडीखाली वाकून आतली बाजूही पाहावी लागते. स्टेपनी वापरात नसली, तरी तिचेही वय वाढत असते.

या बाबतीत इंग्लंडमधील एक दुर्घटना बोलकी आहे. १० सप्टेंबर २०१२ रोजी सरे परगण्यात हिंडहेडजवळ एका प्रवासी बसचा पुढचा टायर फुटून ती झाडावर आदळली व तीन जण मृत्युमुखी पडले. तो टायर सुमारे साडेएकोणीस वर्षांचा असल्याचे चौकशीत आढळले. त्या वेळी तेथील कायद्यात टायरच्या वयाला मर्यादा नव्हती. पुढे १ फेब्रुवारी २०२१ पासून बस व मालमोटारींच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास तेथे बंदी घालण्यात आली.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार मोठ्या वाहनाच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. २०२३ साली परिवहन विभागाने समृद्धी महामार्गाच्या प्रवेशस्थानी टायर तपासणीची मोहीम हाती घेतली व गुळगुळीत टायर असलेल्या गाड्यांना परत पाठविले. हा उपाय आवश्यकच होता. तथापि नक्षीची तपासणी ही किमान कसोटी होय. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो कसाही दिसत असला तरी वापरू नये, असा सल्ला अनेक उत्पादक देतात. उन्हात उभ्या राहणाऱ्या अवजड गाडीच्या बाबतीत दहा वर्षांची वाट न पाहणेच शहाणपणाचे ठरते.

निवडीच्या कसोट्या

टायर खरेदी करताना प्रथम त्याचे माप, भारांक व वेगचिन्ह पाहावे. मोठ्या बसवर आढळणाऱ्या एका टायरवर २९५/८० आर २२.५ असे माप आणि पुढे १५२/१४८ एम असे लिहिलेले असते. यातील २९५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ८० हे उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण, आर म्हणजे रेडियल व २२.५ हा रिंगचा इंचांतील व्यास होय. १५२ या भारांकाचा अर्थ एकेरी चाकावर ३,५५० किलो, तर १४८ चा अर्थ जोडचाकांत प्रत्येकी ३,१५० किलो. एम हे चिन्ह ताशी १३० किलोमीटर ही वेगमर्यादा सांगते.

हे आकडे उपयोगी पडावयाचे, तर गाडीचे खरे वजन ठाऊक असले पाहिजे. कारखान्यातून निघालेल्या सांगाड्यावर पुढे खाटा, कपाटे, जनित्र व वातानुकूलन यंत्र चढते. १,००० लिटर पाणी म्हणजे १,००० किलो वजन, हे सहज विसरले जाते. म्हणून गाडी पूर्ण भरलेल्या अवस्थेत वजनकाट्यावर नेऊन पुढच्या व मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे करावे. टाकी व ओटा एकाच बाजूस असल्यास त्या बाजूच्या चाकांवर अधिक भार येतो, हेही ध्यानात ठेवावे.

समजा, मागच्या ॲक्सलवर १०,००० किलो भार आहे. चार चाकांत तो सारखा वाटला गेल्यास प्रत्येकी २,५०० किलो येतो व टायर सुरक्षित राहतो. परंतु जोडीतील आतल्या टायरची हवा गेली, तर बाहेरच्या एका टायरवर ५,००० किलो भार पडतो. ही त्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक आहे. चालकाला काहीच जाणवत नाही आणि तो टायर तापत जातो. जोडचाकांतील दोन्ही टायर सारख्या व्यासाचे असावेत. एकाच ॲक्सलवर रेडियल व साधा टायर एकत्र बसवू नये. पुनःस्तरित टायर मागच्या चाकांना चालू शकतो. पुढच्या, म्हणजे दिशा देणाऱ्या चाकांना नवाच टायर घालावा. टायरवर आय. एस. आय. चिन्ह असल्याची खात्री करावी.

हवा आणि बदलण्याची रीत

टायरवरील भार खऱ्या अर्थाने हवा पेलते. हवा कमी असली, की टायरची बाजू अधिक वाकते, उष्णता वाढते व पदर सुटतात. दाब नेहमी टायर थंड असताना, प्रवासापूर्वी मापावा. ११० पौंड दाबाच्या टायरचे तापमान १० अंश सेल्सियसने वाढले, तर दाब सुमारे ४ पौंडांनी वाढतो. ही वाढ गृहीत धरलेली असते, म्हणून खंबाटकी घाट चढून आल्यावर तापलेल्या टायरची हवा सोडणे ही मोठी चूक होय. चाकावर पहार आपटून दाब कळत नाही. त्यासाठी दाबमापकच हवा. आतल्या चाकापर्यंत पोहोचण्यासाठी वॉल्व्हला लांब नळी बसवून घ्यावी.

नेमून दिलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांहून कमी हवेवर धावलेला टायर तसाच पुन्हा भरू नये. त्याच्या बाजूतील पोलादी तारा थकलेल्या असतात आणि हवा भरताना तो फुटून भरणारा माणूस दगावू शकतो. असा टायर उतरवून आतून तपासावा. कडीची रिंग असलेल्या चाकाची हवा पूर्ण काढल्याशिवाय ते खोलू नये. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे व माणसाने बाजूस उभे राहावे. बसविल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर टायरमध्ये पूर्ण हवा ठेवावी, त्यांवर सावली किंवा आच्छादन करावे आणि पंधरवड्यातून एकदा गाडी थोडी पुढेमागे हलवावी.

कार्यालयीन बाजू

शासकीय व निमशासकीय वाहनांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. नक्षी शिल्लक असताना टायर बदलल्यास लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, या भीतीने बदल लांबणीवर पडतो. ही भीती निराधार नाही. परंतु तिचा उपाय नोंदीत आहे. प्रत्येक टायरचा क्रमांक, निर्मितीचा आठवडा व वर्ष, चाकाची जागा, बसविल्याची तारीख व किलोमीटर यांची नोंदवही ठेवावी. पाच वर्षांनंतरच्या वार्षिक तपासणीचा लेखी अभिप्राय तिला जोडावा. टायर कशासाठी बदलला, याचे उत्तर मग कागदावर तयार असते. निविदेत केवळ माप व दर न देता भारांक, वेगचिन्ह आणि पुरवठ्याच्या दिवशी टायर किती महिन्यांपेक्षा जुना नसावा, ही अटही घालावी. दुकानात तीन वर्षे पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला, तरी त्याचे काही आयुष्य संपलेले असते.

काढलेले टायर आवारात रचून ठेवू नयेत. त्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यात डेंग्यू पसरविणाऱ्या डासांची पैदास होते. जुलै २०२२ मध्ये केंद्र शासनाने टाकाऊ टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी नियमांद्वारे उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावेत. वयाने बाद झालेला टायर लिलावातून दुसऱ्या प्रवासी वाहनाला जाणार नाही, याचीही दक्षता घेतली पाहिजे.

फिरत्या पथकाची वाट पाहणारी वाडी, शाळेच्या बसमध्ये बसणारी मुले आणि कॅराव्हॅनने महाराष्ट्र पाहावयास आलेले कुटुंब यांपैकी कोणीही टायरवरचे चार आकडे वाचून गाडीत बसत नाही. ते वाचण्याचे काम ज्यांच्या ताब्यात गाडी आहे, त्यांचे आहे. त्यासाठी लागतो तो एक दाबमापक, एक नोंदवही आणि महिन्यातील अर्धा तास.