सुपरमॅन का उडत नाही?

जीन लुएन यांग यांनी लिहिलेली आणि गुरिहिरू या जपानी चित्रकार-जोडीने चितारलेली ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’ (२०२०) ही कुमारवयीनांसाठीची चित्रकादंबरी १९४६ मधील एका नभोनाट्यमालिकेवर आधारलेली आहे. मेट्रोपोलिसमधील चायनाटाउन सोडून शहराच्या मध्यभागी राहावयास आलेल्या ली कुटुंबावर वर्णद्वेषी संघटना हल्ला करते आणि सुपरमॅन त्यांच्या रक्षणार्थ धावून येतो, एवढेच कथानक ध्यानात घेतल्यास कादंबरीचा गाभा निसटतो. हा सुपरमॅन खरोखरच धावतो. तारांवरून धावतो, उंच झेपा घेतो, पण उडत नाही. १९३८ च्या मूळ सुपरमॅनलाही उडता येत नव्हते. त्या जुन्या मर्यादेला यांग मानसिक अर्थ देतात : चारचौघांसारखे दिसण्याच्या धडपडीत त्याने आपले परकेपण आणि त्यासोबत आपले सामर्थ्यही दडपले आहे. हे नेमके ओळखते ती लान-शिन, म्हणजे ‘रॉबर्टा’ या नावाने वावरणारी ली कुटुंबातील मुलगी. येथे रक्षक व रक्षित यांचे परंपरागत नाते उलटते. अखेरीस तो उडतो तेव्हा, इतरांनी आपले म्हणावे यासाठी त्याने आजवर काय गमावले याची जाणीव वाचकास अस्वस्थ करते. म्हणूनच ते उड्डाण मनात रेंगाळते.