जुन्या करवतीस नवी धार

बोथट करवतीने श्रम वाढतात व काप वाकडा जातो. पाते सरळ असेल व त्यास चीर नसेल, तर जुनी करवतही पुन्हा उपयोगी पडते.

प्रथम मूठ काढून पात्यास रॉकेल लावावे आणि गंज मऊ झाल्यावर पॉलिश कागदाने घासून काढावा. नंतर पाते दोन फळ्यांत घट्ट आवळून पुढील क्रम पाळावा :

१. सपाट कानस दात्यांवरून लांबीने फिरवून सर्व टोके एका उंचीस आणावीत.

२. दाते एकाआड एक डावीकडे व उजवीकडे किंचित वाकवावेत. वरचा अर्धा भागच वाकवावा. मुळाशी वाकविल्यास दाता तुटतो.

३. शेवटी तिकोनी कानशीने धार लावावी. लाकूड उभे चिरण्याच्या करवतीस कानस पात्याशी काटकोनात, आडवे कापण्याच्या करवतीस सुमारे ६० अंशांत धरावी. दाब पुढे ढकलतानाच द्यावा. एका बाजूने एकाआड एक खाचा घासून, करवत फिरवून उरलेल्या घासाव्यात.

आधी धार लावून मग दाते वाकविल्यास नवी धार बिघडते.

अलीकडील काही करवतींचे दाते कारखान्यात कडक केलेले, निळसर काळे असतात. त्यांवर कानस चालत नाही.

काम झाल्यावर पात्यास तेलाचा हात द्यावा. ग्रामसेवकांनी गावच्या सुताराकडून याचे प्रात्यक्षिक घडवून आणावे.